ताईचं कच्चं वाचन

दसऱ्याच्या सकाळी मी ताईची हार्ड डिस्क पूजेच्या पाटावर ठेवायला उचलली. ती हातातून निसटून फरशीवर पडली. त्यानंतर ती चालली नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. त्याच वर्षी होळीच्या आधी ती गेली. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघी राहत होतो, आईवडिलांच्या मागे दोघीच. लग्नं का केली नाहीत असं विचारणारी माणसंही एव्हाना संपली आहेत. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, ताईनं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर तिनं महिनाभर घर आवरलं, विषयवार लावलेली माझी पुस्तकं पुन्हा विषयवार लावली, आणि मग एका सकाळी चहा पिताना सांगितलं की ज्यांना दिसत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी ती आता पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणार आहे.

"तुझा आवाज कोण ऐकणार?" मी म्हणाले.

"इतकी वर्षं शेवटच्या बाकावरच्यांनी ऐकला. त्यांना तर उठून जाताही येत नव्हतं. ह्यांना निदान फोन बंद करता येईल."

मागच्या खोलीत तिनं तिचं दुकान मांडलं. खिडकीला जुनी गादी उभी केली, दाराला सोलापुरी चादरी लावल्या. दुपारी जेवणं झाली की पेठ झोपते. गाड्या कमी होतात, खालच्या अभ्यासिकेतली मुलंसुद्धा पेंगतात. तीच ताईची वाचायची वेळ. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. वैशाखातही ती गळ्याशी ओला पंचा घेऊन त्या खोलीत बसायची आणि महसुलाचे नियम किंवा बालमानसशास्त्र वाचायची. जे विद्यार्थ्यांना हवं ते. आवडीचं वाचायला तू आहेस की, असं मला म्हणायची.

वाचताना चूक झाली की ती एक टाळी वाजवायची आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायची. कॉम्प्युटरवर आवाजाची रेघ उमटते, बोलण्याची बुटकी आणि टाळीची सुळक्यासारखी उंच. संध्याकाळी कापायला बसलं की सुळके लांबूनच दिसतात. प्रत्येक सुळक्याच्या अलीकडचं चुकलेलं वाक्य कापायचं आणि दोन टोकं जोडायची. असं सगळं पुस्तक साफ झालं की ते 'पक्कं' नावाच्या फोल्डरमध्ये जाई आणि तिथून विद्यार्थ्यांकडे. मूळ रेकॉर्डिंग 'कच्चं' मध्ये राही. ते ती पुसत नसे. कॉम्प्युटर भरून गेला तेव्हा तिनं तळहाताएवढी काळी डबी, म्हणजे ही हार्ड डिस्क, आणली आणि सगळं त्या डबीत हलवलं. दुसरीकडे कुठे प्रत ठेव, इंटरनेटवर ठेवता येतं म्हणतात, असं मी एकदा सुचवलं. "माझा घरातला अवतार परक्याच्या वळचणीला कशाला?" असं तिनं विचारलं आणि तो विषय संपला.

घरातला अवतार म्हणजे कच्चं. ते कधी कुणाला द्यायचं नाही, हा तिचा नियम होता.

ती गेल्यावर वैशाखात कधीतरी मी ते फोल्डर उघडलं. तोवर मी पक्की पुस्तकं लावून बघितली होती. त्यांत तिचा आवाज होता, पण ताई नव्हती. शब्द स्वच्छ, विराम जागच्या जागी, श्वाससुद्धा छाटलेले. कच्च्यात ती होती. एका लांबलचक वाक्याच्या शेवटी पोचल्यावर ती म्हणते, "हे वाक्य सुरू झालं तेव्हा मी तरुण होते," आणि टाळी वाजवते. भंगारवाल्याची हाक येते, तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती थांबते, आणि थांबल्या थांबल्या हळू आवाजात त्याचीच हाक त्याच्याहून चांगली म्हणून बघते. मला ओरडून सांगते, "अगं, कुकरकडे बघ. शिट्ट्या ऐकायला मी एकटी नाहीये घरात." आमच्या घरात कुणी कुणाचे व्हिडिओ काढले नाहीत. फोनवर ती हो-नाहीपलीकडे बोलत नसे. तिचं माझ्याशी बोलणं जगात फक्त त्या डबीत होतं.

मी रोज ते लावून कामं करू लागले. भाजी निवडताना, केर काढताना. कुणाला सांगितलं नाही.

आमच्याकडे दसऱ्याला दगडी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात आणि ज्याच्या त्याच्या कामाची वस्तू पाटावर मांडतात. वडिलांचा टाइपरायटर असायचा, आईची विळी असायची. पुढे माझं एखादं पुस्तक आणि ताईची डबी. ताईला देवधर्माचं फारसं नव्हतं, पण दसरा ती सोडत नसे. वर्षभर राबवून घ्यायचं आणि एक दिवसही विचारायचं नाही, हे बरं दिसत नाही, म्हणायची. डबी पाटावर ठेवण्याआधी ती तिची वायर काढायची, तळहात डबीवर ठेवायची, डोळे मिटून थोडा वेळ तशीच थांबायची आणि मग दोन्ही हातांनी उचलायची. मी मागे तबक घेऊन उभी असायचे. नमस्कार झाला की ती मला वाट करून द्यायची.

या वर्षी सण करायचा नाही, असं नात्यातल्या सगळ्यांनी सांगितलं होतं. मी तोरण लावलं नाही, गोडधोड केलं नाही. पण पाटी घेतली, सरस्वती काढली, तिला कुंकू वाहिलं, आणि डबीला एक दिवस विचारायला हवं असं मला वाटलं. तेव्हा कच्चं चालूच होतं. ताई खालच्या आंबेवाल्यावर वैतागली होती. ते बंद करणं जिवावर आलं. नमस्कार काय, पाटावर ठेवल्यावरही करता येईल, असा विचार करून मी डबी वायरसकट उचलली. वायर खुर्चीच्या पाठीला अडकली, ताणली गेली आणि डबी पडली.

"हा माणूस रोज माझ्या प्रकरणाच्या शेवटीच—" एवढं म्हणून ताई थांबली.

मी डबी पुन्हा जोडली. आतून टकटक आवाज आला. काढली, पुसली, परत जोडली. आवाज तोच. दुसऱ्या दिवशीही मी तेच करत राहिले. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. डबी उन्हात ठेवली, मग उन्हात ठेवायला नको होती असं वाटून सावलीत ठेवली. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटरही मध्येच अडकायला लागला. तेव्हा मी डबीला हात लावणं सोडलं.

याच सुमाराला ताईच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. विद्यार्थिनी म्हणजे पस्तिशीची बाई. यवतमाळकडची. जन्मापासून दिसत नाही. येरवड्याला खोली घेऊन राहते आणि एका सरकारी कचेरीत कारकून आहे. बढतीसाठी खात्याची परीक्षा असते, तिच्यासाठी नियमांचं एक जाडजूड पुस्तक लागतं. ते छापील मिळत नाही, झेरॉक्सची झेरॉक्स फिरते. तिचा फोन इतर पुस्तकं वाचून दाखवतो, त्या फिकट अक्षरांपुढे मात्र हात टेकतो. ताईनं वाचलेलं हे शेवटचं पुस्तक. पहिला अर्धा भाग साफ करून तिनं पाठवला होता. दुसरा अर्धा वाचून झाला होता, साफ व्हायचा राहिला होता. मागची परीक्षा पुढे ढकलली गेली म्हणून बाईंना वेळ मिळाला होता आणि दिवाळीपर्यंत मी साफ करून देईन असं मी त्यांना सांगितलं होतं.

"काकू, मी घाई नाही करून राहिली," त्या म्हणाल्या. "पण तारीख लागली नं परीक्षेची. आणि ही माझी शेवटचीच संधी आहे. पुढे वयात नाही बसत मी."

डबी पडल्याचं मी सांगितलं.

मग म्हणाल्या, "सगळंच गेलं का हो?"

"माहीत नाही."

"मॅडमचं सगळं?"

"माहीत नाही," मी पुन्हा म्हणाले.

खडकीला एक बाई असं काम करतात, हे मला कॉलेजातल्या जुन्या सहकाऱ्याकडून कळलं. मंडईहून मेट्रोनं गेले. डबी रुमालात गुंडाळून, डब्यात ठेवून, डबा मांडीवर धरला होता. बाजाराच्या मागच्या बाजूला एका इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांची जागा होती. चाळिशीच्या इंजिनिअर बाई, खोलीतल्या थंडाव्यामुळे स्वेटर घातलेला. टेबलावर कितीतरी उघड्या डिस्क पडलेल्या. मी डबी पुढे केली.

"पडली?"

"हो."

"चालू असताना?"

"हो."

"दसरा?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी चमकले. "तुम्हाला कसं कळलं?"

"कुंकू लागलंय. दसऱ्यानंतर येतातच दोन-चार. लक्ष्मीपूजनवाले अजून यायचेत, ते पंचपाळं सांडून आणतात." त्यांनी डबी कानाशी धरून हलकेच हलवली. "पडल्यावर परत लावून बघितलीत?"

"बघितली."

"बऱ्याचदा?"

मी मान हलवली.

"सगळेच बघतात. मोडलेल्या पायावर चार वेळा उभं राहून बघायचं आणि मग डॉक्टरकडे यायचं." हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. सवयीनं म्हणाल्या. मग समजावून सांगितलं. आत एक चकती फिरत असते आणि तिच्यावरून केसभर अंतरानं एक हात फिरतो, तो वाचतो. पडताना तो हात चकतीवर आदळला. आता तशीच दुसरी डिस्क शोधायची, तिचा हात काढून हिला बसवायचा आणि जमेल तेवढं वाचून घ्यायचं. त्या दुसऱ्या डिस्कला त्या डोनर म्हणाल्या. हा शब्द याआधी मी हॉस्पिटलात ऐकला होता, ताईच्या फुप्फुसांच्या संदर्भात. तिथे तो एकदाच निघाला आणि तिचं वय बघून पुन्हा निघाला नाही.

बोलता बोलता त्यांनी टेबलावर चालू असलेली एक डिस्क उचलायला घेतली. आधी तिची वायर काढली. तळहात तिच्यावर ठेवला. माझ्याशी बोलायचं थांबून त्या थोडा वेळ तशाच राहिल्या आणि मग दोन्ही हातांनी ती उचलून बाजूला ठेवली.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"काय? ओह. वायर काढली तरी आत चकती फिरत असते. हाताला थरथर लागते. ती थांबली की उचलायची."

मी मांडीवरच्या रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. ताई दर वर्षी तेच करत होती. तिला हे कुणी सांगितलं होतं, की तिचं तिला कळलं होतं, आणि डोळे का मिटत होती, हे आता कुणाला विचारणार? कदाचित थरथर नीट कळावी म्हणून मिटत असेल. कदाचित नमस्कारही असेल.

दिवाळी तशीच गेली. नंतर इंजिनिअर बाईंचा फोन आला. डोनर मिळाला होता, हात बसला होता, फोल्डरांची नावं दिसली होती. मी बोलावण्याची वाट न बघता गेले. त्यांनी पडद्यावर दाखवलं. पक्कं. कच्चं. कच्च्यात वर्षांची फोल्डरं, एकाखाली एक, आणि सगळ्यांत खाली ते नियमांचं पुस्तक.

"हे बघा मॅडम, चकतीवर ओरखडे आहेत. मी वाचायला सुरुवात केली की हा हात किती टिकेल ते सांगता येत नाही. एखादा दिवस टिकेल, एखादा तास टिकेल. सगळं मिळेल असं धरून चालू नका. आधी काय काढू तेवढं सांगा."

"पक्कं नको," मी म्हणाले. "ते लोकांच्या फोनवर आहे."

"चला, एक ओझं कमी झालं. कच्च्यात वरून सुरू करू की खालून?"

वरच्या फोल्डरांत ताई आंबेवाल्याशी भांडत होती. भंगारवाल्याची हाक म्हणून बघत होती. लेखकांची टर उडवत होती, मला हाका मारत होती. त्यातलं जेमतेम एक वर्ष माझं ऐकून झालं होतं. पुरवून पुरवून ऐकत होते, संपू नये म्हणून. सगळ्यांत खाली कारकुनांच्या रजेचे आणि निवृत्तिवेतनाचे नियम होते. माझ्या डोळ्यांसमोर येरवड्याच्या बाई येत नव्हत्या. मी त्यांना फार तर दोनदा भेटले होते. ऐकू येत होतं ते ताईचं बोलणं. हॉस्पिटलात मास्क बाजूला करून तिनं तीच एक गोष्ट विचारली होती, त्या यवतमाळच्या मुलीचं राहिलंय ना गं?

"खालून," मी म्हणाले.

"नक्की?"

"हो. शेवटचं पुस्तक आधी."

जिना उतरून मी खडकी स्टेशनपर्यंत आले. मेट्रोत बसले. रेंजहिल्स गेलं, शिवाजीनगर गेलं. कसबा पेठ यायच्या आधीच मला काय झालं कुणास ठाऊक, मी उतरले, फलाटावरच्या बाकावर बसले आणि इंजिनिअर बाईंना फोन लावला. वरून सुरू करा, असं सांगितलं. नियमांचं पुस्तक नंतर बघू. बाईंना दुसरं कुणीतरी वाचून देईल.

"मॅडम, सुरू केलंय मी," त्या म्हणाल्या. "आता मध्ये थांबवलं तर परत फिरेल की नाही, सांगता येणार नाही. थांबवू?"

मागून एक गाडी आली आणि गेली. माझ्या शेजारी बसलेली मुलगी कानाला फोन लावून काहीतरी पाठ करत होती, ओठ हलत होते.

"थांबवू का, मॅडम?"

"नको," मी म्हणाले. "चालू दे."

घरी येऊन मी झोपले. जेवले नाही. इतका राग मला ताई गेली तेव्हाही आला नव्हता. कुणाचा, ते सांगता येणार नाही. त्या यवतमाळच्या बाईंचा आला, ज्यांचा काही दोष नव्हता. ताईचाही आला, तिच्या त्या नियमाचा, तिच्या त्या एका प्रश्नाचा.

शेवटचं पुस्तक मिळालं, थोडे तुकडे सोडून. त्याच्या वरच्या फोल्डरला सुरुवात केल्यावर हात बंद पडला. इंजिनिअर बाईंनी दुसरा डोनर शोधला, तो चाललाच नाही. चकतीचा फोटो त्यांनी मला दाखवला. आरशासारख्या पृष्ठभागावर गोल गोल काळ्या रेघा. "इथे आता वाचण्यासारखं काही नाही," त्या म्हणाल्या. डबी परत हवी का, असंही विचारलं. मी हो म्हणाले.

पेनड्राइव्हवर जे आलं त्यातल्या तुकड्यांना नावं उरली नव्हती. तारखाही सगळ्या एकच, ज्या दिवशी ते निघालं त्या दिवसाची. पान क्रमांक ताई क्वचितच उच्चारायची, ते ती साफ करताना घालायची. तुकडे उलटसुलट पडले होते. माझ्याकडे पुस्तकाची झेरॉक्स होती. ऐकायचं, पान शोधायचं, क्रमांक द्यायचा. असं काम मी आयुष्यभर केलं आहे, फक्त पुस्तकं बोलत नव्हती. जिथे एकच नियम दोनदा आला होता किंवा वाक्य सापडत नव्हतं, तिथे मी मागचे आवाज ऐकायला लागले. एका तुकड्यात खाली मांडवाचे वासे ठोकत होते आणि मधूनच कुणीतरी माइक तपासत होतं. म्हणजे गणपतीच्या आधीचा. एकात लवंगी फटाके. एकात काहीच नाही, फक्त कोपऱ्यावरच्या शाळेची घंटा, म्हणजे सहामाहीच्या सुट्टीनंतरचा.

मांडवाच्या तुकड्यात ती खोकत होती.

खोकल्याचं मला तिनं दिवाळीनंतर सांगितलं होतं. थंडी बाधली आहे बहुतेक, असं म्हणाली होती आणि आम्ही पौषात डॉक्टरकडे गेलो होतो. मी तो तुकडा पुन्हा लावला. वासे ठोकल्याचा आवाज, माइक, मग नियम. त्या नियमाच्या मध्यावर ताईचा आवाज बारीक होतो, ती थांबते, खोकते, बराच वेळ खोकते, तोंडावर काहीतरी धरल्यासारखा आवाज येतो, मग टाळी. पुन्हा नियम. पुन्हा मध्यावर टाळी. माझी खोली भिंतीपलीकडे होती. चादरींतून बोलणं ऐकू येत नसे, खोकला येत नसे, टाळी मात्र येई. पडद्यावर मी सुळके बघत होते. पहिल्या प्रकरणांत ते लांब लांब होते, शेवटाकडे झाडीसारखे दाट.

एका तुकड्यात माझा आवाज आहे. दाराबाहेरून, लांबून.

"आज कार्यक्रम भलताच रंगलेला दिसतोय. टाळ्यांवर टाळ्या."

यावर काही वेळ काहीच नाही. मी आवाज वाढवून ऐकलं. ती श्वास घेत आहे. मग ताई नेहमीच्या आवाजात म्हणते, "फुकट ऐकू नकोस. तिकीट काढून आत ये."

बाहेर मी हसते. माझी पावलं लांब जातात. मग ती टाळी वाजवते.

साफ करायला मी ताईच्या खुर्चीवर बसले. ती कसं करायची ते मी कितीदा पाहिलं होतं, पण हाताला वेगळंच वाटतं. पहिले काही दिवस मी शब्द अर्धेच कापले. माझ्या चुका मीच उलट फिरवल्या. कच्चं तसंच देऊन टाकावं असंही मनात आलं. तसं मी येरवड्याच्या बाईंना विचारलंसुद्धा, एक प्रकरण न कापता पाठवून.

त्यांचा संध्याकाळी फोन आला. "काकू, राग नका मानू. मध्ये मॅडम तुमच्याशी बोलतात नं, खोकतात, ते ऐकलं की मला पुढचं ध्यानातच नाही राहत. दिवसभर तेच डोक्यात. मला परीक्षा द्यायची आहे नं."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "काढते."

"आणि काकू?"

"हं?"

"ते माझ्या फोनमधून मी पुसून टाकलं. मॅडम म्हणायच्या, कच्चं बाहेर नाही जात. मला माहीत होतं ते."

मग मी सगळं काढलं. दुपारी पेठ झोपली की बसायचे, कारण तेव्हा नीट ऐकू येतं. खोकला काढला, मधला श्वास काढला, तिकीट काढून आत ये काढलं, माझं हसणं काढलं. ताई कापलेलं टाकून द्यायची. मी ते दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवत गेले. दोन टोकं जोडल्यावर नियम अखंड ऐकू यायचा, जणू एका दमात वाचला आहे. ते जमलं की बरं वाटायचं आणि लगेच वाटेनासं व्हायचं. जिथे डिस्कमधून मिळालंच नाही, अशी काही पानं मी स्वतः वाचली. ताईनं ऐकली असती तर काय म्हणाली असती, ते मला माहीत आहे. चुकले तिथे मी टाळी वाजवली.

संक्रांतीच्या आधी पुस्तक पूर्ण झालं आणि गेलं. काही दिवसांनी बाईंचा निरोप आला, आवाजातच रेकॉर्ड करून पाठवलेला. त्यात त्या म्हणाल्या, "काकू, दुसऱ्या भागात मॅडम हळू वाचून राहिल्या. पहिल्या भागात मला सारखं थांबवून टिपणं काढावी लागत होती. आता थांबवावं नाही लागत. बरं झालं."

मी तो निरोप दोनदा ऐकला. हळू का, ते त्यांना कळवलं नाही. परीक्षेच्या दिवशी सकाळी मी त्यांना फोन करून शुभेच्छा दिल्या आणि त्यांनी पेपर झाल्यावर फोन करून सोपा गेला असं सांगितलं.

निकाल अजून लागलेला नाही.

डबी ताईच्या टेबलावर आहे. तिची वायर मी काढून ठेवली आहे. नियमांचं पुस्तक, पक्कं, माझ्या कॉम्प्युटरवर, एका पेनड्राइव्हवर आणि येरवड्याला त्या बाईंच्या फोनवर आहे. त्यातून कापलेलं माझ्याकडे आहे. सगळं एकापुढे एक लावलं तर भाजी निवडून होण्याआधी संपतं. त्यात ताई मला दार लोटून घ्यायला सांगते, पाणी मागते, एकदा तिकीट काढून आत यायला सांगते. बाकी खोकला आहे, आणि टाळ्या आहेत.